उसना परत कधी करायचा? एका केंद्रातल्या गणित सुलभक शिक्षिकेचा प्रकरण अभ्यास

आमचं केंद्र बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट: आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या ११ शाळा, त्यातल्या ७ द्विशिक्षकी. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात थांबतात, काही आईबापाबरोबर कोयत्यावर जातात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येऊन वर्गात बसतात. मी या केंद्राचा केंद्रप्रमुख. इथे मांडतोय ती २०२२ ते २०२४ या दोन शैक्षणिक वर्षांतली हकिकत आहे: पहिली ते चौथीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला आम्ही केंद्राची गणित सुलभक, म्हणजे बाकीच्या शिक्षकांना गणित शिकवण्यात मदत करणारी, केलं, त्यात आधी काय बिघडलं आणि मग काय जमलं. शाळेचं आणि माणसांचं नाव घेत नाही. मॅडम आणि गुरुजी एवढंच म्हणतो.

प्रश्न कुठे आहे ते आधी सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला विषयवार शिक्षक लागतो: विज्ञान-गणिताला एक, भाषेला एक, सामाजिक शास्त्राला एक. पहिली ते पाचवीला तसं नाही. तिथे पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, आणि त्या दोघांनीच मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, खेळ सगळं बघायचं. लहान मुलांसाठी ते बरोबरही आहे. एकच माणूस दिवसभर सोबत असला की मूल रुळतं. पण याचा दुसरा परिणाम असा होतो की प्राथमिक शाळेत कुठलाच विषय कुणाचा नसतो. तिसरीतलं पोर वजाबाकीत अडलं तर बाईंनी कुणाला विचारायचं? शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना? ते एकाच वेळी पहिली आणि दुसरी सांभाळत असतात.

जवळपासच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं, ही सूचना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच शाळासमूहाच्या रूपाने केली होती. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख हे पद आलं ते त्याच विचारातून. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची दर महिन्याची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, ही त्याची हक्काची जागा. प्रत्यक्षात आमच्या परिषदेत काय चालायचं? माहितीचे तक्ते, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराच्या नोंदी, आणि वेळ उरला तर एक ‘आदर्श पाठ’. प्रशिक्षण येतं ते वरून: राज्यस्तर, मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जितकं पोचतं तितकंच तेही पोचतं.

नाव कसं निवडलं

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या. कोरोनाची दोन वर्षं नुकतीच सरली होती. आमच्याकडे तिसरीत बसलेली मुलं पहिलीचा वर्ग न बघताच आली होती. त्यात तालुक्यावरून निरोप आला की प्रत्येक केंद्राने भाषेचा एक आणि गणिताचा एक सुलभक द्यावा, संध्याकाळपर्यंत नावं कळवावीत.

गणितासाठी मी मॅडमचं नाव लिहिलं. कारणं लिहून ठेवतो, कारण चूक तिथूनच सुरू झाली. त्यांची शाळा रस्त्यालगत होती. त्या कधी नाही म्हणत नसत. त्यांचं दप्तर वेळेत असे. यातल्या एकाही कारणाचा गणिताशी संबंध नव्हता, आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं.

तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सप्टेंबरच्या परिषदेत मॅडम उभ्या राहिल्या. हातात पेन ड्राइव्ह, पडद्यावर तालुक्याहून आलेले तेच पॉवरपॉइंट. अध्ययन निष्पत्ती, क्षमता, स्तर... त्या वाचत गेल्या, आम्ही ऐकत गेलो. चाळीसेक मिनिटांनी मागच्या रांगेतून आमच्या केंद्रातले सर्वांत जुने गुरुजी बोलले. सेवानिवृत्तीला चार वर्षं राहिलेली, आवाज खणखणीत.

“मॅडम, माझ्याकडं तिसरीतलं पोरगं बावन्न वजा सत्तावीस बरोबर पस्तीस लिहितंय. रोज लिहितंय. हे तुमच्या पडद्यावर कुठं आहे?”

त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “वरून विचारून सांगते.”

परिषद सुटल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. “सर, माझं नाव काढा. मी अकरावीला आर्ट्स घेतलं ते गणित सुटावं म्हणूनच. डी.एड.ला पाठ घेतले, पण गणिताला मी भिते. माझ्याकडून त्या लोकांना काय मिळणार?”

प्राथमिक शाळेत हे बोलणं जेवढं ऐकू येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मनात असतं. कला शाखेतून येऊन डी.एड. केलेले, उत्तम शिकवणारे कितीतरी शिक्षक गणिताला आतून बिचकतात. ते उघड बोलून दाखवणारी माणसं थोडी. मला त्या दिवशी त्यांचं बोलणं नकार वाटला. पुढे कळलं की सुलभक होण्याची खरी लायकी त्या बोलण्यातच होती.

मागच्या बाकावरचे तीन दिवस

मी नाव काढलं नाही, पण ‘तुम्हाला जमेल हो’ असंही म्हटलं नाही. पोकळ धीर देणं सोपं असतं आणि ऐकणाऱ्याला ते ओळखू येतं. मी एवढंच म्हटलं, “पुढच्या आठवड्यात तुमच्या वर्गात येऊन बसतो. तपासणी नाही. शेरा लिहिणार नाही. गुरुजींचं पोरगं पस्तीस का लिहितं ते आपण दोघं मिळून शोधू.”

तिसरी आणि चौथी एकत्र, २३ मुलं. मॅडमनी फळ्यावर ५२ वजा २७ मांडलं. “दोनातून सात जातात का? नाही जात. मग शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा. दोनाचे झाले बारा. बारातून सात गेले, राहिले पाच. पाचाचे राहिले चार. चारातून दोन गेले, राहिले दोन. उत्तर पंचवीस.” मीही असंच शिकलो, तुम्हीही बहुधा असंच शिकला असाल. मुलांनी सुरात म्हटलं. वह्यांत मात्र सहा जणांनी पस्तीस लिहिलं. सातातून दोन काढले, पाचातून दोन काढले, झालं. लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढंच त्यांनी धरलं होतं. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, उसना घेतला मग परत कवा करायचा?”

वर्ग गप्प झाला. मॅडम म्हणाल्या, “तो परत करायचा नसतो, बाळा. लिही.” मुलीने लिहिलं, पण तिचा चेहरा पटल्याचा नव्हता. तिच्या घरी वाटीभर पीठ, दोन कांदे, पन्नास रुपये उसने येत असणार आणि परतही जात असणार. परत न करणाऱ्याला गावात काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. आपण मात्र तिला गणिताच्या तासाला सांगत होतो की इथे घ्यायचं आणि विसरायचं.

शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसलो. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, तिचं बरोबर आहे ना? ते उसनं नाहीच. पाच म्हणजे पाच दहा आहेत. त्यातला एक दहा आपण सुटा करतो. कुणाकडून काही घेत नाही, आपलंच आपण मोडतो.”

मी गणिताचा पदवीधर. गेली वीस वर्षं ‘दशकाचं रूपांतर एककात’ हे वाक्य प्रशिक्षणात बोलत आलो. ‘आपलंच आपण मोडतो’ हे मला सुचलं नव्हतं. मी वही काढून ते लिहून घेतलं, आणि त्यांनी मला लिहिताना पाहिलं. सुलभक म्हणून त्यांची सुरुवात मी त्या संध्याकाळपासून धरतो. पडद्यापुढे उभ्या राहिल्या त्या दिवसापासून नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दुकान मांडलं. मुलाच्या हातात दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी. दुकानदाराला २७ रुपये द्यायचे. दहाच्या दोन नोटा दिल्या. आता सात सुटे द्यायचे, जवळ तर दोनच. “मग काय करशील?” “मोड आणीन!” आख्ख्या वर्गाचं उत्तर एकच. एका नोटेची मोड घेतली, दहा नाणी आली, जवळची दोन मिळून बारा. सात दिली, पाच उरली. नोटा उरल्या दोन. पंचवीस. त्यानंतर हेच वहीत मांडलं: पाचावर रेघ मारून चार, दोनाच्या जागी बारा. ‘उसना’ हा शब्द फळ्यावरून गेला आणि ‘दशक मोडला’ असं मुलं आपण होऊन म्हणू लागली. खिडकीजवळची मुलगी दुकानदार झाली होती. तिने मोड दोनदा मोजून दिली.

आधार म्हणजे नेमकं काय केलं

यानंतर वर्षभर जे केलं त्यातलं पहिलं म्हणजे मॅडमचा आवाका लहान केला. ‘गणित सुलभक’ हे ओझं फार मोठं होतं. मी म्हटलं, पहिल्या सत्रात फक्त वजाबाकी. भागाकार कुणी विचारला तर सांगा की जानेवारीत बघू. एका माणसाला एक गोष्ट पुरती कळली की त्याच्या बोलण्यात आपोआप वजन येतं. सगळं थोडंथोडं येणाऱ्याला ते येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड तीच. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेर पडला की दुसऱ्यावर चार इयत्ता पडतात. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे सांगितले आहेत, आणि कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आहे. सुलभकाचं काम शैक्षणिकच आहे, पण त्यासाठी त्याच्या वर्गातल्या मुलांचे तास बुडवणं मला मान्य नव्हतं. नवीन शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळावेत. ते तास आणायचे कुठून? आम्ही तोडगा काढला तो असा: महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, मॅडमचा वर्ग मी घेणार आणि मॅडम दुसऱ्या शाळेत जाणार. केंद्रप्रमुखाने वर्ग घ्यायचा हे काहींना विचित्र वाटलं. माझा मात्र त्यात फायदाच झाला. बऱ्याच वर्षांनी मला तिसरीच्या मुलांपुढे दोन तास उभं राहावं लागलं, आणि आपण शिक्षकांकडून काय काय मागतो ते अंगाला लागलं.

तिसरी गोष्ट रंगीत तालमीची. परिषदेच्या दोन दिवस आधी मॅडम, मी आणि केंद्रशाळेतले दोन शिक्षक बसायचो. मॅडम बोलायच्या, आम्ही अडवायचो. गुरुजी काय विचारतील ते मी विचारायचो. पहिल्या तालमीत त्या दोनदा थांबल्या. तिसऱ्या तालमीत त्यांनी मलाच अडवलं.

आणि चौथी, जी कागदावर येत नाही: ‘मला माहीत नाही’ म्हणायची मुभा. आपल्याकडे पुढे उभ्या राहिलेल्या माणसाला सगळं आलंच पाहिजे, अशी समजूत आहे. मी परिषदेत स्वतःपासून सुरुवात केली. मला न येणाऱ्या दोन गोष्टी उघड सांगितल्या. त्यानंतर मॅडमचं अवघडलेपण बरंच कमी झालं.

वह्यांची परिषद

डिसेंबरच्या परिषदेला पडदा लावलाच नाही. मॅडमच्या सांगण्यावरून प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणल्या होत्या. अट एवढीच की त्यात चुका हव्यात. हुशार मुलांच्या वह्या नकोत. सतरंजीवर वह्या पसरल्या आणि चुकांप्रमाणे ढीग करायला घेतले. पहिल्या ढिगात पस्तिसाची चूक. ती सातही द्विशिक्षकी शाळांमधून आली होती. गुरुजींनी आपल्या पोराची वही बाकीच्या वह्यांत ठेवली आणि म्हणाले, “म्हणजे मी एकटा नाही तर.” ती परिषद एवढ्यावर संपली असती तरी मी समाधानी झालो असतो.

दुसरा ढीग मात्र मॅडमच्या तयारीबाहेरचा निघाला. श्रुतलेखनातले आकडे. शिक्षक म्हणतो त्रेचाळीस, मूल लिहितं ३४. शिक्षक म्हणतो एकोणपन्नास, मूल लिहितं ५९. हे निष्काळजीपणाने होत नाही, आपल्या भाषेमुळे होतं. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी कानावर पडतात, चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी. ‘एकोणपन्नास’मध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते पन्नास, आणि मूल पन्नासचा पाच लिहून मोकळं होतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच चाल चालते आणि अगदी शेवटी, मूल तिला सरावलेलं असताना, नव्व्याण्णव येऊन तीही मोडते. मराठीत शंभरपर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळी पाठ करावी लागते. मोठ्यांना ते आता जाणवत नाही.

इथून वाद पेटला, कारण २०१९ ची आठवण सगळ्यांना होती. त्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेतही विषय निघाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती: जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, संख्येची रचना कळायला दुसरी पद्धत मदत करते. गुरुजींचा याला कडाडून विरोध. “उद्या बाजारात त्रेचाळीस रुपये म्हटलं तर पोराला कळायला नको? आमच्या बापजाद्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असले अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. ती माणसं शाळेत गेली नव्हती तरी हिशेबात फसत नव्हती.”

मॅडम काय करतात ते मी पाहत होतो. त्यांनी पुस्तकाची बाजू घेतली नाही आणि गुरुजींचीही नाही. त्यांनी आपल्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. आदल्या हंगामात तो आईबापाबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला होता आणि परत आला तेव्हा कानडीत मोजत होता. इप्पत्तमूरू, म्हणजे वीस-तीन. “कानडीत तो तेवीस कधी उलटा लिहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मराठीत म्हणायला सांगितलं की ३२ लिहितो. पोरगं तेच, हात तोच.”

यावर गुरुजी थांबले. ठरलं ते असं: त्रेचाळीस हेच नाव राहील, पण दोन महिने रोज श्रुतलेखनाआधी ‘चाळीस आणि तीन, त्रेचाळीस’ असं जोडीने म्हणायचं आणि गणितमाळेवर ती जागा दाखवायची. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. चार रंगपट्टे पार केल्यावर तीन मणी. एकोणपन्नाससाठी पन्नासाव्या मण्यापासून एक मागे यायचं, कारण शब्दातच ‘एक उणे’ आहे. ही शेवटची युक्ती गुरुजींचीच. आणि तोंडी हिशेब परिषदेत कुणी घ्यायचे, असं मी विचारलं तेव्हा मॅडमनीच गुरुजींकडे बोट दाखवलं. जानेवारीपासून दर परिषदेची पहिली वीस मिनिटं गुरुजींची झाली. पावकी म्हणजे पाव पट, हे त्यांनी भाकरीचे चार तुकडे करून सांगितलं तेव्हा नव्या पिढीतल्या दोन शिक्षकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या वर्षी काय बिघडलं

पहिल्या वर्षाचं कौतुक तालुक्यापर्यंत गेलं आणि तिथून अडचण सुरू झाली. २०२३ च्या दिवाळीनंतर मॅडमना प्रत्येक प्रशिक्षणाला बोलावणं येऊ लागलं. मीही अभिमानाने पाठवत राहिलो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या इतके दिवस वर्गाबाहेर राहिल्या की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने शांतपणे विचारलं, “मॅडम सगळ्यांच्या पोरांना शिकवतात, आमच्या पोरांना कवा?” तो प्रश्न माझ्यासाठी होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चांगल्या शिक्षकाला वर्गातून उचलून प्रशिक्षणात बसवणं हा आपल्याकडचा जुना दोष आहे. ज्या वर्गामुळे त्याला काही कळलं, तोच वर्ग आपण त्याच्याकडून काढून घेतो. जानेवारीपासून मी लेखी कळवलं की महिन्याला एक अर्धा दिवस, तोही केंद्रातच. नाराजी आली, ती मी घेतली.

दुसरी चूक मॅडमच्या हातून झाली आणि त्यांनी ती माझ्याआधी ओळखली. एका नव्या शिक्षकाच्या शाळेत गेल्यावर त्यांनी वह्या मागवल्या आणि लाल पेनाने चुका दाखवल्या. हेतू चांगलाच होता. त्या शिक्षकाची नोकरी दीड वर्षाची. त्याला ती तपासणी वाटली. पुढच्या परिषदेला तो आला पण वह्या आणल्या नाहीत. मॅडम परत त्याच्या शाळेत गेल्या, या वेळी स्वतःच्या वर्गातल्या आठ चुकलेल्या वह्या घेऊन. “माझ्याकडं हे होतंय, सर. तुम्ही सायन्सचे आहात, बघता का?” दोघं तासभर बसले. तेव्हापासून केंद्रात एक रीत पडली की दुसऱ्याच्या वर्गात जाताना आधी आपल्या मुलांच्या चुका न्यायच्या.

अभ्यासाच्या बाबतीतही एक दुरुस्ती करावी लागली. मोडीचा खेळ सगळीकडे पसरला, पण दुसरीच्या काही मुलांना दहाची नोट म्हणजे ‘एक कागद’च वाटत होती, त्यात दहा रुपये कुठे आहेत ते दिसत नव्हतं. काड्यांच्या गठ्ठ्यात दहा डोळ्यांना दिसतात, रबर काढला की हातात येतात. म्हणून आता आधी गठ्ठा, तो सुटा करायचा, बांधायचा, पुन्हा सुटा करायचा; नोट त्यानंतर. हे त्या नव्या शिक्षकानेच वर्गात पाहून सांगितलं.

आज कुठे आहोत

मी या सगळ्याची टक्केवारी देत नाही. ऊसतोडीच्या गावात चाचणीच्या दिवशी कोण हजर होतं यावर आकडे हलतात, आणि तेवढ्यावर मी दावा करणार नाही. पाहिलं ते सांगतो. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी परिपत्रकं आणि ‘ओके सर’ असायचं. आता आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकतं: हे असं का लिहिलं असेल? उत्तर मॅडमच देतात असं नाही. एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांसाठी मॅडमनी एक साधी वही सुरू केली. मूल दिवाळीत गेलं तेव्हा कुठल्या पायरीवर होतं ते एका ओळीत, म्हणजे आल्यावर तिथूनच धरता यावं. त्या वहीची नक्कल पाच शाळांनी केली आहे. बाकीच्यांनी अजून केलेली नाही, आणि मी आदेश काढलेला नाही.

२०२४ च्या मार्चमधल्या परिषदेत एका शिक्षिकेने विचारलं, “५०२ वजा २७ ला काय करायचं? मधे शून्य आहे, मोडायला दशकच नाही.” सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मीही पाहिलं. दीड वर्षापूर्वीची ती ‘वरून विचारून सांगते’ची परिषद मला आठवत होती.

“शतक मोडायचं हे मला कळतं,” मॅडम म्हणाल्या, “पण मुलाला दोनदा मोडणं एका दमात कसं दाखवायचं ते मला अजून माहीत नाही. तुमची चौथी कधी मोकळी असते? गुरुवारी येते, शंभर-शंभर काड्यांच्या पाच मोळ्या घेऊन. तुम्ही शिकवा, मी मागे बसते.”

त्या गुरुवारी त्यांचा वर्ग मी घेतला. दुपारी चारच्या सुमारास त्यांचा फोन आला. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता आणि त्या काय सांगत होत्या त्यातलं मला अर्धंच कळलं: मोळी सोडली, दहा गठ्ठे झाले, मुलं म्हणाली अजून एक सोडा.